नाकात गेलेलं पाणी आणि मेंदूतला अमिबा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पाण्यातून होणाऱ्या आजारांबद्दल लिहिताना नेग्लेरिया फाउलेरी या अमिबाचा उल्लेख जेमतेम एका ओळीत आला होता, आणि बाकीचा अख्खा लेख सोडून पत्रं आली ती त्या एका ओळीवरच. मग म्हटलं या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकू. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही पत्रं थोडी छाटलीत.

डॉक्टर, आमच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की नळाच्या पाण्यात मेंदू खाणारा अमिबा असतो आणि ते पाणी प्यायलं की माणूस आठवड्यात जातो. मी पंधरवडाभर सगळं पाणी उकळून देतेय, तरी मुलं बाहेर कुठेही पाणी प्यायली की पोटात गोळा येतो. काय करू? — दोन मुलांची आई

सगळ्यात आधी गोळा खाली उतरवा. पाणी पिऊन हा आजार होत नाही. त्या पाण्यात अमिबा असला तरी होत नाही, पोटात गेला की त्याचा खेळ तिथेच संपतो. एकाला झाला म्हणून दुसऱ्याला लागत नाही, शिंकून-खोकून नाही, उष्टं खाऊन नाही, रुग्णाच्या उशाशी बसून नाही. मेंदूकडे जायची याची वाट नाकातून आहे, तीसुद्धा पाणी नाकात वरपर्यंत जोरात चढलं तर, म्हणजे उडी मारताना, डुबकी घेताना, किंवा मुद्दाम नाकात पाणी ओढताना.

पिण्याचं पाणी उकळताय ते बंद करू नका, टायफॉइड आणि काविळीसाठी ते चांगलंच आहे. फक्त या आजाराची भीती पिण्याच्या पाण्याला लावू नका, कारण मग होतं काय, की माणूस पिण्याचं पाणी दोनदा उकळतो आणि नाक धुवायला सरळ नळाखाली भांडं धरतो. त्याबद्दल पुढे बोलूच.

नाकातून मेंदूपर्यंत तो पोचतो कसा? मधे काहीच अडवत नाही का? आणि तो खरंच मेंदू खातो का? — अकरावी सायन्सचा विद्यार्थी

प्रश्न मस्त आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हा अमिबा मुळात मेंदूसाठी जन्माला आलेला नाही बरं का. गोड्या कोमट पाण्यात, तळाच्या गाळात राहतो, बॅक्टेरिया खातो, मजेत असतो. त्याची तीन रूपं असतात. परिस्थिती वाईट झाली, गारठा पडला की तो भोवती कवच करून गोळा होऊन पडून राहतो. पाण्यात खायला काही उरलं नाही की त्याला शेपटासारखे दोन धागे फुटतात आणि तो पोहत दुसरीकडे जातो, पण त्या रूपात तो खात नाही की वाढत नाही. तिसरं रूप सरपटणारं, खाणारं आणि दुभंगून वाढणारं, माणसाला आजारी पाडतं ते हे. आकार साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. उष्णता त्याला प्रिय, 46 अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यात तो आरामात वाढतो, म्हणून आपल्या अंगाचं 37 अंश तापमान म्हणजे त्याच्यासाठी अगदीच सोयीचं.

आता रस्ता. नाकाच्या पार वरच्या टोकाला, छताला, वास ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांचे बारीक मज्जातंतू वर जाताना एका पातळ हाडातून जातात, आणि त्या हाडाला चाळणीसारखी छिद्रं असतात. हाडाच्या वरच्या बाजूला लगेच मेंदूचा वास ओळखणारा भाग. म्हणजे बाहेरचं जग आणि मेंदू यांच्यातलं अंतर इथे सगळ्यात कमी. अमिबा त्या मज्जातंतूंना धरून धरून छिद्रातून वर सरकतो. काही रुग्णांना सुरुवातीला वास किंवा चव वेगळीच लागते ती यामुळेच.

आणि हो, वर गेल्यावर तो खातो, खरंच खातो. त्याच्या अंगावर वाटीसारखे खळगे तयार होतात आणि त्यातून तो पेशींचे लचके तोडतो, शिवाय पेशी विरघळवणारी रसायनंही सोडतो. पण माणूस दगावतो तो फक्त एवढ्याने नाही. शरीर घाबरून पांढऱ्या पेशींची फौज पाठवतं, प्रचंड दाह होतो, मेंदू सुजतो, आणि कवटी बंद असल्यामुळे सुजलेल्या मेंदूला जायला जागाच नसते. आतला दाब वाढत वाढत श्वास चालवणारं केंद्र दाबलं जातं आणि तिथे सगळं थांबतं. लक्षणं सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत साधारण पाच दिवस, कधी एक, कधी अठरा. इतका वेगवान आजार म्हणून तर सगळे इतके धास्तावतात.

मुलाला स्विमिंगच्या क्लासला घातलंय, घरात रोज वाद. मिसेस म्हणते बंद करा, मी म्हणतो पोहायला यायलाच पाहिजे. तुम्ही कुणाच्या बाजूने? — वाद मिटण्याची वाट बघणारे बाबा

पोहण्याच्या बाजूने, पण पूल कसा ठेवलाय ते बघून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 मध्ये जगभरात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली. आणि हा अमिबा? अमेरिकेत, जिथे याची नोंद काटेकोर ठेवतात, 1962 ते 2023 या एवढ्या वर्षांत मिळून 164 रुग्ण. तेव्हा पोहायला न शिकण्याचा धोका कितीतरी मोठा आहे, हे मिसेसना शांतपणे सांगा (वाद जिंकल्याच्या आवाजात नको).

क्लोरीन योग्य प्रमाणात असेल, पाणी सतत फिरत आणि गाळलं जात असेल, तर तिथे हा अमिबा टिकत नाही. अडचण येते ती पूल आहे पण क्लोरीन अंदाजपंचे टाकतात तिथे. याचं एक जुनं उदाहरण आहे, चेकोस्लोव्हाकियातल्या ऊस्ती नाद लाबेम या शहरातलं. 1962 ते 1965 या काळात तिथल्या एकाच इनडोअर पुलात पोहलेली 16 माणसं दगावली. इनडोअर म्हणजे छत, भिंती, क्लोरीन, सगळं होतं हां. पुढे शोधल्यावर कळलं की पुलाच्या एका भिंतीमागे पोकळी होती, भिंत खराब झालेली, आणि त्या पोकळीत साठलेल्या पाण्यात, जिथे क्लोरीन पोचतच नव्हतं, तिथे अमिबा निवांत वाढत होता आणि भेगांमधून पुलात येत होता. म्हणून पुलाच्या मॅनेजरला बिनधास्त विचारा की क्लोरीन रोज मोजता का, दिवसातून किती वेळा, रजिस्टर दाखवा. पाणी गढूळ दिसलं, तळाची टाइल दिसत नसली, तर त्या दिवशी काठावर बसा.

घरी मुलांसाठी हवा भरून वापरायचे छोटे पूल असतात ना, ते मात्र रोज रिकामे करायचे, घासायचे, उन्हात पूर्ण वाळवायचे. तेच पाणी आठवडाभर उन्हात तापत ठेवणं म्हणजे अमिबाला आमंत्रण.

आम्ही मित्र नदी-तलावातच पोहतो. पूल-बिल परवडत नाही आणि आवडतही नाही. आमच्यासाठी काही उपाय? — पाण्यातला माणूस

आहे की. पाणी गार आणि वाहतं असेल तर धोका कमी, उन्हाने तापलेलं, उथळ, साचलेलं, शेवाळलेलं असेल तर जास्त. मोठ्या उन्हाळ्यात पाण्याची पातळी उतरते आणि पाणी तापतं तेव्हा विशेष जपायचं. उंचावरून पाय खाली करून उडी मारताना पाणी नाकात कसं सणकन चढतं ते तुम्हाला मी सांगायला नको. नाकाला क्लिप लावा, ती नसेल तर निदान बोटांनी नाक दाबून उडी मारा. तळाचा गाळ पायाने ढवळून तिथेच डुबक्या मारू नका. गरम पाण्याच्या झऱ्यात बसायचं तर बसा, डोकं पाण्याबाहेर ठेवून. इंग्लंडमधल्या बाथ शहरात रोमन काळापासूनच्या गरम झऱ्याच्या पाण्यात पोहलेली एक मुलगी 1978 मध्ये याच आजाराने गेली आणि त्या जुन्या स्नानगृहात पोहणं तेव्हापासून बंद झालं.

समुद्रात पोहलं तर? — एक वाचक

समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हा जगत नाही. खुशाल पोहा.

मला सायनसचा जुना त्रास. योगाच्या सरांनी जलनेती शिकवली, खूप आराम पडला. आता मुलगी म्हणते बंद कर, त्यातून अमिबा जातो. मी तर मीठ घालून करते, मिठाने मरत नाही का तो? — निवृत्त शिक्षिका

बाई, नेती बंद करू नका, पाणी बदला. या सगळ्या पत्रांमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचं पत्र तुमचंच वाटलं, कारण तलावातल्या पाण्यावर आपला काही ताबा नाही पण नेतीच्या भांड्यातलं पाणी शंभर टक्के आपल्या हातात आहे.

नेतीला जेवढं मीठ घालतो त्याने अमिबा मरत नाही. ते पाणी आपण मुद्दाम शरीराच्या खारटपणाएवढंच करतो, म्हणजे नाकाला झोंबू नये, मग ते अमिबाला तरी कशाला झोंबेल? 2011 मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात दोन मोठी माणसं या आजाराने गेली. दोघंही कुठे पोहायला गेलेली नव्हती. दोघंही नळाच्या साध्या पाण्याने नेती करत होती, आणि तपासल्यावर दोघांच्याही घरच्या पाण्यात अमिबा सापडला. पिण्यासाठी ते पाणी ठीक होतं. कराचीतही असे बरेच रुग्ण झालेत जे पोहायला गेलेच नव्हते, नमाजाआधी वजू करताना नाकात पाणी घ्यायचं असतं, आणि त्या पाण्यात क्लोरीन पुरेसं नव्हतं.

तर करायचं असं. पाणी खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळत ठेवा (2000 मीटरपेक्षा उंच ठिकाणी राहत असाल तर तीन मिनिटं), झाकून ठेवा आणि झाकणाखालीच कोमट होऊ द्या. आता इथे खरी गडबड होते, पाणी फार गरम वाटतं, घाई असते, आणि माणूस त्यात नळाचं गार पाणी ओततो. झालं, उकळलेलं सगळं वाया. रात्रीच उकळून झाकून ठेवलं तर सकाळी ही वेळ येत नाही. उकळायचा कंटाळा असेल तर मेडिकलमधून डिस्टिल्ड किंवा स्टेराइल पाणी आणा. फिल्टर वापरणार असाल तर त्याची छिद्रं 1 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक आहेत असं त्याच्यावर स्पष्ट लिहिलेलं हवं, नुसतं "शुद्ध पाणी" लिहिलेलं चालणार नाही. आणि नेतीचं भांडं! ते नळाखाली विसळून ओलंच ठेवून देतात लोक. तेही उकळलेल्या पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडं करून ठेवा.

गीझरचं गरम पाणी चालेल का असं अजून दोघांनी विचारलंय. नाही चालणार, गीझरमधलं पाणी गरम असतं, उकळलेलं नसतं.

मुलगा परवा तलावात पोहून आला, आज डोकं दुखतंय म्हणतोय, नाकही वाहतंय. गुगल केलं आणि हातपाय गार पडले. — रात्री अडीचला मेल करणारी आई

तुम्हाला मेलवर लगेच उत्तर दिलंय, मुलगा आता ठणठणीत आहे हे वाचून बरं वाटलं. पण हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात असतो म्हणून इथे घेतलाय.

पोहून आल्यावर डोकं दुखण्याची हजार कारणं असतात, ऊन, भूक, सर्दी, कानात पाणी. नाक वाहतंय, शिंका येतायत, मुलगा खातोय, खेळतोय, मोबाइलसाठी भांडतोय, तर सर्दीच समजा आणि लक्ष ठेवा. या आजाराची लक्षणं पाणी नाकात गेल्यापासून 1 ते 12 दिवसांत, बहुतेकदा पाचव्या दिवसाच्या आसपास सुरू होतात, आणि ती हळूहळू रेंगाळत नाहीत, तासातासाला वाढतात. प्रचंड डोकेदुखी, ताप, मळमळ, उलट्या, मग मान ताठ होणं, उजेड सहन न होणं, असंबद्ध बोलणं, झटके, झापड. ताप, तीव्र डोकेदुखी आणि उलट्या एकत्र दिसल्या की सकाळची वाट बघायची नाही, मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्यायचं, कारण अमिबा नसला तरी तो साधा मेंदूज्वर असू शकतो आणि त्यातही तास महत्त्वाचे असतात.

आणि तिथे गेल्यावर डॉक्टरांनी विचारो न विचारो, आपणहून सांगायचं: हा अमुक दिवशी अमुक ठिकाणी पोहला होता, किंवा ही नळाच्या पाण्याने नेती करते. 2024 मध्ये केरळमध्ये कोळिकोड भागातला 14 वर्षांचा एक मुलगा यातून वाचला. त्याच्या वडिलांनी सोशल मीडियावर या आजाराबद्दल वाचलेलं होतं आणि मुलाला झटके आल्यावर त्यांनी डॉक्टरांना तलावात पोहल्याचं सांगितलं. डॉक्टरांच्या डोक्यात तो विचार लवकर आला, तपासणी लवकर झाली, औषधं लवकर सुरू झाली. (सोशल मीडियाला मी एरवी नावं ठेवते, पण हे श्रेय त्याचं त्याला.)

म्हणजे औषध आहे? सगळीकडे तर लिहितात की वाचतच नाही कुणी. — शंका असलेला

जवळपास कुणी वाचत नव्हतं हे खरंच आहे. वर म्हटलेल्या 164 अमेरिकन रुग्णांपैकी वाचले फक्त 4. पहिली 1978 साली कॅलिफोर्नियातली 9 वर्षांची मुलगी, आणि त्यानंतर 35 वर्षं तिथे एकही नाही. 2013 मध्ये अर्कान्सातली 12 वर्षांची मुलगी वाचली, तिला नेहमीच्या औषधांबरोबर मिल्टेफोसिन दिलं आणि मेंदूची सूज आटोक्यात ठेवायला तिचं अंग मुद्दाम गार ठेवलं. मिल्टेफोसिन हे मुळात कॅन्सरसाठी तयार झालेलं आणि नंतर काळ्या आजारासाठी, म्हणजे काला-आजारसाठी, वापरात आलेलं औषध. भारतात त्या आजारासाठी त्याला 2002 मध्येच मान्यता मिळाली होती. एका ठिकाणचं औषध दुसऱ्याच ठिकाणी कामाला आलं. त्याच वर्षी अमेरिकेत अजून एक मुलगा वाचला पण औषध उशिरा मिळालं आणि मेंदूला कायमची इजा राहिली. दोघांतला फरक बराचसा वेळेचा आहे.

आज उपचार म्हणजे एक गोळी नसते, अ‍ॅम्फोटेरिसिन बी, मिल्टेफोसिन, रिफाम्पिसिन, फ्लुकोनाझोल, अझिथ्रोमायसिन अशी एकदम चार-पाच औषधं आणि सूज उतरवायला डेक्सामेथासोन, सगळं आयसीयूमध्ये. केरळ सरकारने 2024 मध्ये या आजारासाठी उपचारांची लेखी मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि मेंदूज्वराच्या रुग्णांमध्ये अमिबा आहे का हे तिथे आवर्जून शोधलं जातं. त्यामुळे दोन गोष्टी झाल्या, रुग्णसंख्या वाढलेली दिसू लागली आणि वाचणाऱ्यांचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. पण त्या आकड्यांत दुसऱ्या जातींच्या अमिबाचे रुग्णही धरलेले असतात, तेव्हा "आता हा आजार बरा होतो" असा अर्थ काढून कुणी निर्धास्त होऊ नका.

मी लॅब टेक्निशियन आहे. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात हा दिसतो का? आमच्याकडे कधी कुणी शोधायला सांगितलंच नाही. — स्लाइडवाला

दिसतो, शोधलं तर. नमुना बघून वाटतं साधा बॅक्टेरियाचा मेंदूज्वर, पांढऱ्या पेशी भरपूर, साखर कमी, पण ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे रंग देऊन बघितलेल्या स्लाइडमध्ये, बॅक्टेरिया मात्र एकही नाही. असं कोडं पडलं की अमिबा आठवायचा. ग्रॅम स्टेनवर विसंबू नका, स्लाइड तापवताना अमिबा फुटून जातो. ताजा थेंब तसाच काचेवर घ्या आणि लगेच बघा, तो सरपटताना दिसेल, एका बाजूला बोथट फुगवटा काढून त्या दिशेने सरकतो. सरकलाच नाही तर पांढऱ्या पेशीसारखाच दिसतो आणि नजरेतून सुटतो, म्हणून जरा वेळ एकाच फील्डवर थांबा. नमुना फ्रिजमध्ये ठेवू नका, गारठला की हालचाल बंद. खात्रीसाठी पीसीआर, म्हणजे अमिबाचा डीएनए शोधणारी तपासणी, आहेच, पण त्याचा रिपोर्ट येईपर्यंत तुमच्या डोळ्यांनी दिलेली बातमी डॉक्टरांना औषध सुरू करायला पुरते.

हा अमिबा अचानक आला कुठून? आमच्या लहानपणी तर कधी ऐकला नव्हता. — ज्येष्ठ वाचक

काका, होता तेव्हाही. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडचे पॅथॉलॉजिस्ट माल्कम फाउलर आणि त्यांचे सहकारी कार्टर यांनी 1965 मध्ये पहिल्यांदा हे रुग्ण नोंदवले, अमिबाच्या नावातला फाउलेरी तो तिथला. त्या भागात पाणी लांबून, जमिनीवरून टाकलेल्या पाइपांतून यायचं आणि वाटेतच उन्हाने तापायचं. नंतर अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये जुने शवविच्छेदनाचे नमुने परत काढून पाहिले तर थेट 1937 सालचा रुग्ण सापडला. आधी मेंदूज्वर म्हणून खपून जायचे, एवढंच. आता मात्र पाणी तापतंय ही गोष्टही आहे, 2010 मध्ये मिनेसोटासारख्या थंड राज्यात रुग्ण सापडला तेव्हा तज्ज्ञांच्याही भुवया उंचावल्या होत्या.

मला मागे पोटात अमिबा झाला होता, तोच वर चढेल का? आणि मी कॉन्टॅक्ट लेन्स लावते, तिथेही अमिबा होतो म्हणे? — कन्फ्यूज्ड

पोटातला अमिबा वेगळा, एन्टामिबा हिस्टोलिटिका. त्याचा या आजाराशी संबंध नाही, आणि त्याची मेट्रोनिडाझोलची गोळी इथे चालत नाही.

लेन्सचं मात्र बरोबर ऐकलंय. अकँथमिबा नावाचा तिसराच प्राणी आहे, तो डोळ्याच्या बुबुळाला इतका चिवट आणि दुखरा संसर्ग करतो की महिनोन्‌महिने थेंब घालावे लागतात, कधी दृष्टीही जाते. लेन्स नळाच्या पाण्याने धुवायची नाही, डबीसुद्धा नाही, आणि लेन्स घालून शॉवर किंवा पोहणं नको. डोळा लाल होऊन दुखायला लागला आणि लेन्स काढूनही थांबेना, तर मेडिकलमधून कुठलाही ड्रॉप उचलू नका, डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा आणि जाताना लेन्स आणि डबी दोन्ही सोबत न्या, तपासायला लागतात.